वाडीवरचे मूल आणि गावची शाळा

रायगड जिल्हा म्हटला की नारळी-पोफळीच्या बागा आणि किनाऱ्यावरच्या होड्या डोळ्यांसमोर येतात. कर्जत आणि खालापूर हे तालुके मात्र या चित्रात बसत नाहीत. ते समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या कुशीत वसले आहेत. कर्जतमधून उल्हास नदी वाहते, खालापूरमधून पाताळगंगा. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राने १९१५ पासून मुंबईच्या कारखान्यांना वीज पुरविली. कर्जतच्या संशोधन केंद्रातून निघालेली भाताची वाणे कोकणात सर्वदूर पेरली जातात. लोहमार्ग आणि द्रुतगती मार्ग यांनी हा परिसर मुंबई-पुण्याच्या अगदी निकट आणला आहे.

याच तालुक्यांच्या डोंगरउतारांवर ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या विखुरल्या आहेत. त्यांपैकी कातकरी समाजाची गणना केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत केली आहे. या वाड्यांवरचे मूल सहाव्या वर्षी शाळेत दाखल होते. पुष्कळदा ते वर्गात मागे बसते, बोलत नाही, विचारलेल्याचे उत्तर देत नाही, आणि दिवाळीनंतर दिसेनासे होते. 'मूल मंद आहे आणि पालकांना आस्था नाही' असा निष्कर्ष मग सहज काढला जातो. तो कितपत खरा, याचा विचार मानसशास्त्राच्या आधारे करता येतो आणि तो केलाही पाहिजे. कारण या एका निष्कर्षावर मुलाचे पुढील सारे आयुष्य अवलंबून राहते.

विद्यापीठांत पदवीच्या वरच्या वर्गात मानसशास्त्राच्या ज्या शाखा शिकविल्या जातात, त्यांपैकी तीन येथे विशेष उपयोगी आहेत. वयाबरोबर मन कसे घडत जाते हे विकासात्मक मानसशास्त्र सांगते. मनुष्य पाहतो, लक्षात ठेवतो आणि विचार करतो तो कसा, हा बोधनिक मानसशास्त्राचा विषय. इतरांच्या सहवासाचा आणि मतांचा माणसावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास सामाजिक मानसशास्त्र करते. या तिन्ही शाखांचे निष्कर्ष एकत्र पाहिले असता वर्गातील 'मंदत्वा'चे स्वरूप पुष्कळसे उलगडते.

बुद्धिमापनाचा मूळ हेतू

बुद्धिमापनाची पहिली व्यवहार्य कसोटी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली तयार केली. शाळेत अधिक साह्याची गरज कोणत्या मुलांना आहे, हे ओळखणे हा तिचा हेतू होता. मुलांवर कायमचा शिक्का मारण्यासाठी ती नव्हती. बुद्धी ही न बदलणारी वस्तू आहे, हा समज बिने यांना मान्य नव्हता.

ही कसोटी मराठी व कन्नड मुलांसाठी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड परिसरात काम करून नव्याने बसविली. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला आणि 'बिने-कामत कसोटी' हे नाव रूढ झाले. परदेशी कसोटीचे नुसते भाषांतर पुरेसे नव्हते. ज्या वस्तू, चित्रे आणि शब्द येथल्या मुलांच्या परिचयाचे नाहीत, ते बदलावे लागले. प्रश्न अनोळखी असेल तर उत्तरावरून बुद्धी कळत नाही, एवढेच कळते की प्रश्न अनोळखी होता. धारवाडच्या मुलांना जे लागू, ते कर्जतच्या डोंगरातील मुलांनाही लागू आहे. पहिलीच्या चाचणीत पाठ्यपुस्तकातील शहरी चित्र ओळखता न येणारे मूल रानातील कितीतरी झाडे, पाखरे आणि खेकड्यांची बिळे अचूक ओळखत असते.

पहिली सहा वर्षे

मुलाचा विचार हा मोठ्या माणसाच्या विचाराची छोटी आवृत्ती नसतो, हे स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी दाखवून दिले. त्यांचा एक प्रयोग कोणत्याही घरी करून पाहता येतो. दोन सारख्या भांड्यांत सारखेच तांदूळ घ्यावेत. त्यांतील एका भांड्यातील तांदूळ मुलादेखत उंच, अरुंद डब्यात ओतावेत. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा सांगते की उंच डब्यात तांदूळ जास्त आहेत. सुमारे सात वर्षांच्या मुलाला मात्र ते तितकेच आहेत हे उमगते. पहिलीतील पुष्कळ मुले या दोन अवस्थांच्या उंबरठ्यावर असतात. त्यांना बिया, खडे, पाने हाताळून संख्या समजते. फळ्यावरच्या नुसत्या आकड्यांतून ती समजत नाही.

या विकासाला दोन गोष्टींचे खत लागते: अन्न आणि संवाद. यांपैकी पहिलीकडे शासनाचे व समाजाचे लक्ष वेधले गेले आहे. दुसरीकडे तितके गेलेले नाही. याबाबत जमेका बेटावर झालेले संशोधन मार्गदर्शक आहे. तेथे किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांतून वाढ खुंटलेली, ९ ते २४ महिने वयाची १२९ मुले निवडून त्यांचे चार गट करण्यात आले. एका गटाला पूरक आहार, दुसऱ्या गटातील मातांना आठवड्यातून एकदा घरी जाऊन मुलाशी खेळण्या-बोलण्याचे मार्गदर्शन, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही, अशी दोन वर्षे योजना चालली. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आहार आणि खेळ-संवाद या दोहोंनी मुलांच्या विकासाला स्वतंत्रपणे हातभार लागला, आणि दोन्ही मिळालेल्या मुलांची प्रगती सर्वाधिक झाली.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष वीस वर्षांनी हाती आला. खेळ-संवादाचा लाभ मिळालेल्या मुलांची मोठेपणीची कमाई, तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. केवळ आहाराचा असा दीर्घकालीन परिणाम मात्र दिसला नाही. हे काम करणाऱ्या स्त्रिया तज्ज्ञ नव्हत्या. त्या साध्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या आणि त्यांची खेळणी घरगुती टाकाऊ वस्तूंची होती.

यातून आहार कमी महत्त्वाचा असा अर्थ कोणी काढू नये. उपाशी मूल खेळतही नाही. परंतु अंगणवाडीत खिचडी शिजली, शिधा वाटला आणि वजन नोंदविले की काम संपले, ही समजूत अपुरी आहे. वजनाच्या तक्त्याइतकीच त्या दिवशी मुलाशी कोण, किती बोलले ही गोष्टही मोलाची आहे.

करवंदांचा हिशेब

उन्हाळा लागला की कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर आणि स्थानकांजवळ आदिवासी स्त्रिया व मुले करवंदे, जांभळे, आंबे विकताना दिसतात. वाटा करणे, भाव सांगणे, मोड परत देणे हे सारे तोंडी चालते. तेच मूल शाळेत वजाबाकीच्या उदाहरणापुढे अडखळते. हे कोडे बोधनिक मानसशास्त्राने काळजीपूर्वक तपासले आहे.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाजारात माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांना गिऱ्हाईक म्हणून हिशेब विचारण्यात आले. त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. नंतर तशीच गणिते त्यांना शालेय पद्धतीने घालण्यात आली. शाब्दिक उदाहरणांत सुमारे ७४ टक्के आणि नुसत्या आकडेमोडीत अवघी ३७ टक्के उत्तरे बरोबर आली. ३५ च्या भावाने दहा नारळांची किंमत काढताना एक मुलगा तीन नारळांचे १०५ धरून बेरजा करीत ३५० पर्यंत पोहोचला. शून्य जोडण्याची शाळेतील युक्ती त्याने वापरली नाही. पण त्याची रीत पूर्णतः तर्कशुद्ध होती.

भारतातही याचा पडताळा आला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो 'नेचर' या नियतकालिकात २०२५ साली प्रसिद्ध झाला. बाजारातील गुंतागुंतीचे व्यवहार लीलया करणारी ही मुले शालेय स्वरूपाच्या साध्या गणितांत मागे पडली. विशेष म्हणजे याच्या उलटही घडले: केवळ शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातील हिशेब नीट जमले नाहीत. म्हणजे उणीव एका बाजूच्या मुलांच्या बुद्धीत नाही. दोन प्रकारच्या ज्ञानांमध्ये पूल बांधला गेलेला नाही, ही खरी उणीव आहे. करवंदांच्या वाट्यापासून आरंभ करून फळ्यावरच्या गुणाकारापर्यंत मुलाला नेणे, हे शिक्षकाचे काम त्या पुलाचे आहे.

अशीच दुसरी अडचण भाषेची आहे. कातकरी बोली आणि ठाकुरांची बोली प्रमाण मराठीहून वेगळ्या आहेत. मनुष्य एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडले आणि पुढील संशोधनाने ते अधिक स्पष्ट झाले. शिक्षकाच्या वाक्यातील अनोळखी शब्दांचा अर्थ लावण्यातच मुलाची ही तोकडी जागा भरून गेली, तर गणितासाठी काही उरत नाही. वाक्याचा शेवट कानी पडेपर्यंत आरंभ निसटतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे दुर्लक्ष वाटते. वस्तुतः मूल दुप्पट श्रम करीत असते.

रशियाचे लेव विगोत्स्की (१८९६–१९३४) यांनी शिक्षणाची जागा नेमकी दाखविली. मूल आज एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या साह्याने जे करू शकते, त्यांतील अंतर हेच शिकविण्याचे क्षेत्र होय. ते साह्य मुलाला कळणाऱ्या भाषेतूनच पोहोचते. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. या तरतुदींना मानसशास्त्राचा आधार आहे तो असा.

बोर्डी-कोसबाडचा अनुभव

हे विचार परदेशातून उसने आणावे लागतात असे नाही. सह्याद्रीच्या याच पट्ट्यात, उत्तरेकडे, त्यांचे प्रात्यक्षिक फार पूर्वी झाले आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य आज पालघर जिल्ह्यात असलेल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले.

आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच या दोघींनी पालकांना दोष दिला नाही. मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांच्या अंगणात जावी, असे त्यांनी ठरविले. त्यातूनच 'अंगणवाडी' ही कल्पना आकाराला आली. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळा कुरणावर गेली. तिला 'कुरणशाळा' म्हणण्यात आले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने ग्रामीण भागाला परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी पाने, फुले, बिया, शंख-शिंपले आले. केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव सर्वत्र पोहोचले. त्यामागील विचारही तितकाच पोहोचणे अगत्याचे आहे.

अपेक्षा आणि दोषारोप

सामाजिक मानसशास्त्राचे निष्कर्ष मोठ्या माणसांना अंतर्मुख करणारे आहेत. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ साली एका अमेरिकन शाळेतील प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुले लवकरच विशेष प्रगती करतील असे शिक्षकांना सांगण्यात आले. ती नावे प्रत्यक्षात कशीही निवडलेली होती. वर्षअखेरीस लहान वर्गांतील अशा मुलांची प्रगती इतरांहून अधिक दिसली. हा परिणाम प्रथम वाटला तितका मोठा नसतो, असे पुढील संशोधनाने दाखविले. तथापि समाजात आधीच हिणविल्या गेलेल्या गटांतील मुलांवर शिक्षकांच्या अपेक्षेचा प्रभाव अधिक पडतो, हेही त्यातून पुढे आले.

उत्तर प्रदेशातील खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडविण्यास दिले. जात उघड केलेली नव्हती तेव्हा निरनिराळ्या जातींच्या मुलांची कामगिरी जवळजवळ सारखी होती. सर्वांसमक्ष नावाबरोबर जात पुकारली जाताच तथाकथित खालच्या जातींतील मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. मुलांची बुद्धी काही मिनिटांत कमी झाली नव्हती. बदलले होते ते भोवतालचे वातावरण. वर्गात 'अमुक वाडीची मुले उभी राहा' असे म्हणणे किंवा शिष्यवृत्तीची नावे सर्वांसमोर जातीसह वाचणे, या गोष्टी निरुपद्रवी नाहीत, हे यावरून ध्यानी यावे.

आता पालकांच्या 'अनास्थे'कडे वळू. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, स्वतःच्या वागण्याचे मात्र परिस्थितीत. या प्रवृत्तीला सामाजिक मानसशास्त्रात गुणारोपणातील दोष म्हणतात. १९७७ साली ली रॉस यांनी या दोषाच्या पहिल्या भागाची, म्हणजे परिस्थितीचा प्रभाव कमी लेखण्याची, सविस्तर मीमांसा केली. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडी परतते. पुष्कळदा त्याआधीच, पावसाळ्यातील उपासमारीच्या दिवसांत किंवा लग्नकार्यासाठी, मालकाकडून उचल घेतलेली असते. ती कामातून फेडावी लागते. वाडीत मुलाला सांभाळणारे कोणी उरत नाही, म्हणून मूलही बरोबर जाते. येथे हजेरीपटावरील गैरहजेरीचे कारण उचलीत आहे. ते स्वभावात शोधल्यास उपायही चुकतो. कारण परिस्थितीत आहे असे मानले की उपाय सुचू लागतात. हंगामी वसतिगृह, दुसऱ्या गावच्या शाळेत विनासायास प्रवेश देणारे शिक्षण हमी पत्रक, ठाणे परिसरात वीटभट्ट्यांवर चाललेल्या भोंगाशाळा हे सर्व अशाच विचारातून निघालेले मार्ग आहेत.

आधार देणारा एक माणूस

खालापूर तालुक्यातील इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडी या ठाकूर समाजाच्या वस्तीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. आश्रमशाळेत शिकणारी काही मुले त्या रात्री वाडीबाहेर असल्याने वाचली, परंतु त्यांच्या घरची माणसे गेली. अशा आपत्तीनंतर घरे बांधून देता येतात. मुलाचे मन उभे करण्यास अधिक काळ लागतो.

याविषयी हवाई बेटांतील कवाई येथील अभ्यास दिलासा देणारा आहे. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा अनेक दशके घेतला. दारिद्र्य, घरातील कलह अशा अनेक आपत्तींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले समर्थ व समंजस प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक समान गोष्ट होती: आई, आजी, शिक्षक किंवा शेजारी, असा निदान एक माणूस, ज्याने त्यांची साथ सोडली नाही. आपत्तीनंतर शाळा लवकर सुरू करणे, दिनक्रम पूर्ववत करणे, खेळू देणे, मूल बोलेल तेव्हा ऐकणे आणि न बोलल्यास त्याला न छेडणे, हे उपचार कोणताही शिक्षक करू शकतो. मूल दीर्घकाळ झोपेविना, अबोल किंवा भयग्रस्त राहिले तर मात्र तज्ज्ञाची मदत घेणे आवश्यक असते.

गावपातळीवरील कर्तव्य

या विवेचनाचा उपयोग काय, असा प्रश्न पंचायत सदस्य व अधिकारी यांच्या मनात येणे साहजिक आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी राखावा लागतो. त्यातून वाडीवरील अंगणवाडीसाठी खेळसाहित्य घेता येईल, आणि वाडीतीलच बोली जाणणाऱ्या एखाद्या मुलीला तेथे गोष्टी सांगण्यास बोलावता येईल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांत वाडीवरचे पालक आहेत काय, आणि बैठकीची वेळ त्यांच्या मजुरीच्या वेळेशी जुळते काय, हे पाहता येईल. कोणती कुटुंबे कोणत्या महिन्यात, कोठे जातात याची यादी ग्रामसेवक आणि शिक्षक यांनी मिळून भाताची कापणी होण्यापूर्वीच केली, तर हमी पत्रके वेळेवर हाती पडतील आणि वसतिगृहाची मागणी वेळेत नोंदविता येईल.

शिक्षकाच्या हाती तर याहूनही अधिक आहे. पहिले काही महिने मुलाला त्याच्या बोलीत उत्तर देऊ द्यावे आणि प्रमाण शब्द त्या शेजारी ठेवावा. गणित हाताळता येणाऱ्या वस्तूंपासून सुरू करावे. मूल चुकले तर 'उत्तर कसे काढलेस?' असे विचारावे. पुष्कळदा त्याची रीत बरोबर असते आणि मांडणी तेवढी वेगळी असते. त्याच्या नावापुढे 'मंद' असा शेरा लिहिण्यापूर्वी ते काय खाऊन आले, कोणती भाषा बोलते आणि गेल्या वर्षी किती महिने गावात होते, या तीन गोष्टींची नोंद करावी. या नोंदीनंतर शेरा लिहिण्याची गरज बहुतेक वेळा उरणार नाही, आणि त्या मुलासाठी नेमके काय करावयाचे हेही तिच्यातूनच स्पष्ट होईल.